ट्रेलरमधील फर्नेस का पेटेना

दाजींचा प्रवासी ट्रेलर वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कार्यशाळेत तयार झाला आणि डिसेंबरच्या अखेरीस परभणीत माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. झोपायची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, दिवे असे सर्व काही त्यात होते आणि ते सर्व चालतही होते. न चालणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे माझ्या भाच्याने अमेरिकेतून पाठवलेला आणि कार्यशाळेने पलंगाखालच्या कप्प्यात बसवून दिलेला, खोली गरम करणारा गॅसचा फर्नेस. थर्मोस्टॅट, म्हणजे हवे ते तापमान ठरवायचे बटण, फिरवला की त्याचा पंखा सुरू होई, काही वेळ थंड हवा फेकत राही आणि मग आपोआप थांबे. ज्वाला पेटण्याचे नाव नव्हते.

मराठवाड्यातल्या माणसाला खोली गरम करणाऱ्या यंत्राची गरज काय, असे पाहुणे विचारत. मराठवाडा म्हटले की बाहेरच्यांना उन्हाळा आणि पाण्याचे टँकर एवढेच आठवते. परंतु परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेने हिवाळ्यात पाच अंशांखालच्या तापमानाची नोंद एकाहून अधिक वेळा केलेली आहे, आणि त्याच विद्यापीठातून निवृत्त झालेल्या दाजींना ते आकडे तोंडपाठ आहेत. अर्थात यंत्र घेतले होते ते परभणीसाठी नव्हे. पुढच्या शरदात बहिणीला घेऊन हिमाचलातील स्पितीपर्यंत जावे आणि वाटेत ट्रेलरमध्येच मुक्काम करावा असा दाजींचा बेत होता, आणि तिथे रात्री काही बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार, म्हणून सर्व चाचण्या इथल्या थंडीतच उरकून घ्याव्यात असे आम्ही ठरवले होते.

मी विजेच्या मोटारी आणि पाणबुडी पंपांच्या रिवाइंडिंगचा व्यवसाय करतो. गॅसचा फर्नेस मी यापूर्वी उघडलेला नव्हता, त्यामुळे यंत्राला हात लावण्याआधी त्याच्यासोबत आलेली पुस्तिका मी नीट वाचून काढली, आणि पुढचे सारे काम त्या वाचनामुळेच सोपे झाले असे मला वाटते. या यंत्राचे काम सरकारी कार्यालयातल्या फाईलसारखे टेबलावरून टेबलावर चालते. एका टेबलाची सही झाल्याशिवाय फाईल पुढच्या टेबलावर जात नाही. थर्मोस्टॅट उष्णता मागतो, तेव्हा प्रथम फक्त पंखा फिरू लागतो आणि जळणाच्या कोठीत आधीचा काही गॅस साचला असेल तर तो बाहेर काढतो. पंख्याची हवा पुरेशा जोराने वाहू लागली की तिच्या मार्गात टांगलेले एक हलके पाते ढकलले जाते आणि त्याला जोडलेला बारीकसा स्विच जुळून विजेचे मंडल पूर्ण करतो; याला सेल स्विच म्हणतात. त्याच्या पुढे तापमर्यादेचा स्विच असतो. कोठीच्या आसपासची उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे, म्हणजे साधारण नव्वद अंश सेल्सिअसच्या घरात गेली की तो मंडल तोडतो. हे दोन्ही स्विच जुळलेले असतील तरच इलेक्ट्रॉनिक बोर्डाला वीज मिळते, मग बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याच वेळी ठिणगी पाडतो. त्यानंतर काही सेकंदांत ज्वाला दिसली नाही, तर व्हॉल्व्ह बंद होतो, पंखा पुन्हा कोठी साफ करतो आणि बोर्ड नव्याने प्रयत्न करतो. तीन प्रयत्न फसले की तो स्वतःला कुलूप लावून घेतो आणि थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय हलत नाही. ज्वाला आहे की नाही हे त्याला कळते ते ज्वालेतून वाहणाऱ्या अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून. पेटलेला गॅस वीज वाहून नेतो आणि मुख्यतः एकाच दिशेने नेतो, या गुणाचा तिथे उपयोग केलेला असतो.

ही साखळी समजली की यंत्र कुठे थांबते यावरून दोष कुठे असेल हे ओळखता येते. आमच्या फर्नेसचा पंखा फिरत होता, पण ठिणगीची टिकटिक ऐकू येत नव्हती. याचा अर्थ थर्मोस्टॅट आणि मोटर यांचे काम झाले होते आणि फाईल सेल स्विच किंवा तापमर्यादेच्या स्विचपाशी अडली होती. यंत्र थंडगार असल्यामुळे तापमर्यादेवर संशय घेण्याचे कारण नव्हते. भाच्यानेही फोनवर हेच सांगितले. "मामा, तिकडे बहुतेक सेल स्विचच असतो, लोक तोच बदलतात," असे म्हणून त्याने नवा स्विच पाठवण्याची तयारीही दाखवली.

शेजारच्या गॅरेजमधला तरुण वायरमन मात्र आणखी पुढे गेला. "काका, कशाला एवढा ताप करून घेता? दोन वायरी जोडून स्विच डायरेक्ट करून टाकू, लगेच पेटतंय बगा." डायरेक्ट करणे हा आमच्या भागातला फार जुना रोग आहे. मोटरवर भार वाढला की वीज तोडणारा स्टार्टरचा रिले वारंवार पडू लागला की शेतकरी तो डायरेक्ट करून घेतो, पंप चालू होतो आणि महिन्याभरात जळालेली मोटर माझ्या दुकानात येते. मोटर जळाली तर तार आणि मजुरी यांचे पैसे जातात. इथे मात्र पंखा मंदावला असताना किंवा बंद पडला असताना बंदिस्त पेटीत ज्वाला जळत राहिली असती, आणि शेजारीच माणसे झोपलेली असती. त्यामुळे तो सल्ला मी तिथल्या तिथे मोडीत काढला.

स्विच बदलण्याआधी पंख्याची हवाच कमी पडते आहे का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. त्यात पहिली शंका उलट्या जोडणीची होती. अशा यंत्रातली मोटर कायम चुंबकाची असते, तिच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलट फिरते, आणि या प्रकारचा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा पुढे ढकलतोच, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तो ठीक चालला आहे असेच वाटते. आमच्या यंत्रावर लाल तार धन, पिवळी ऋण आणि दोन निळ्या तारा थर्मोस्टॅटच्या होत्या. जोडणी बरोबर होती आणि पंख्याची दिशाही बरोबर होती.

मग मल्टिमीटर काढला. पंखा बंद असताना यंत्राच्या टोकांवर बॅटरीइतकेच व्होल्टेज दिसत होते, आणि कार्यशाळेच्या मिस्त्रींनी फोनवर "व्होल्टेज फुल आहे, आम्ही चेक केलंय" असे जे सांगितले ते याच मापनावर आधारलेले असणार. पण विजेचा प्रवाह वाहत नसताना केलेले हे मापन काहीच सांगत नाही, हे रिवाइंडिंगच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकायला मिळते. डीपीपासून दूर असलेल्या विहिरीवर मोटर बंद असताना व्होल्टेज उत्तम दिसते आणि बटण दाबले की दिवा विझू पाहतो. म्हणून पंखा फिरत ठेवून मी पुन्हा मोजले. बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट होते आणि फर्नेसच्या टोकांवर १०.२. पुस्तिकेप्रमाणे यंत्राला कमीत कमी १०.५ व्होल्ट हवे होते. म्हणजे वाटेत दोन व्होल्टहून अधिक हरवत होते, त्यामुळे मोटर मंद फिरत होती आणि पात्याला ढकलण्याइतका जोर हवेत येत नव्हता.

हरवलेले व्होल्टेज कुठे जाते हे शोधण्याची रीत साधी आहे आणि ती प्रत्येकाला यायला हवी असे मला वाटते. यंत्र चालू ठेवावे, मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी यंत्राच्या धन टोकाला लावावी; जो आकडा दिसेल तेवढे व्होल्टेज त्या वाटेत खर्च होत आहे. मग हेच ऋण बाजूला करावे. आमच्याकडे धन बाजूला अर्धा व्होल्ट जात होता आणि ऋण बाजूला तब्बल १.६ व्होल्ट. कार्यशाळेने धन बाजूला दीड चौरस मिलिमीटरची तार पुढच्या बॅटरीपेटीपासून मागच्या पलंगापर्यंत ओढली होती, ती बारीकच होती. ऋण बाजूला तर त्यांनी तार ओढलीच नव्हती. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये करतात त्याप्रमाणे यंत्राची ऋण तार जवळच्या लोखंडी चौकटीला बोल्टने आवळली होती आणि बॅटरीचे ऋण टोकही पुढे त्याच चौकटीला जोडले होते. चौकटीवर आधी रेड ऑक्साइड आणि मग रंग दिलेला होता. बोल्टच्या आट्यांवर जेवढे लोखंड उघडे राहिले तेवढ्यातूनच सगळा प्रवाह जात होता. पंखा थोडा वेळ चालू ठेवून बोल्टवर हात ठेवला तर तो कोमट लागत होता.

दोन्ही बाजूंना बॅटरीपासून थेट यंत्रापर्यंत सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारा ओढल्या, टोकांना लग, म्हणजे जोडणीची धातूची टोके, नीट दाबून बसवले, आणि धन बाजूला बॅटरीजवळच फ्यूज ठेवला, कारण तार कुठे घासून उघडी पडली तर वीज तिच्या उगमापाशीच तुटली पाहिजे. यानंतर पंखा चालू असताना यंत्रावर बारा व्होल्टच्या वर मिळू लागले आणि त्याचा आवाजच बदलला. सेल स्विच न बदलता ठिणगीची टिकटिक ऐकू आली. भाच्याला कळवले, तर त्याचा स्विच आधीच टपालात पडला होता. तो आता सुटा भाग म्हणून ट्रेलरच्या पेटीत आहे.

टिकटिक होत होती, पण पेट घेत नव्हता. तीन प्रयत्न होत आणि बोर्ड गप्प बसे. फाईल एक टेबल पुढे सरकली होती आणि आता प्रश्न गॅसचा होता. नव्या नळीत हवा भरलेली असते आणि फर्नेसचा व्हॉल्व्ह एका प्रयत्नात जेमतेम काही सेकंद उघडा राहत असल्यामुळे ती हवा त्याच्या हातून लवकर निघत नाही. म्हणून त्याच नळीवरची ओट्याची शेगडी आधी पेटवून ज्योत स्थिर होईपर्यंत जळू द्यावी असे पुस्तिकेत लिहिले होते. तसे केल्यावर फर्नेस एकदाचा पेटला, पण धड चालेना. धप्प असा आवाज होऊन ज्वाला येई आणि जाई, आणि शेगडीची ज्योत त्याच क्षणी खाली बसे. या शेवटच्या गोष्टीकडे बहिणीचे लक्ष गेले. ती चहा ठेवत होती आणि "तुमचं ते मशीन पेटलं की माझा गॅस मंदावतोय," असे तिने आतूनच ओरडून सांगितले. दाब मोजायचा हे त्यावरून ठरले.

गॅसचा कमी दाब मोजायला महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवावी, मध्ये मोजपट्टी लावावी, निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि एक टोक गॅसच्या मापनछिद्राला जोडावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तोच दाब. अमेरिकन फर्नेसला ११ इंच पाण्याइतका, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटरचा दाब लागतो. आपल्याकडचे घरगुती वापराचे रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम इतक्या दाबासाठी बनवलेले असतात आणि तो दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच होतो, त्यामुळे दोन देशांचे हे आकडे योगायोगाने जवळजवळ जुळतात. आमच्या नळीत सगळे बंद असताना तीसच्या आसपास फरक दिसला आणि फर्नेसचा व्हॉल्व्ह उघडताच तो सतरापर्यंत घसरला. व्होल्टेजचीच गोष्ट इथे दुसऱ्या वेशात आली होती. प्रवाह नसताना सर्व काही भरपूर दिसत होते आणि प्रवाह सुरू होताच वाटेतला अडथळा उघडा पडत होता.

अडथळा सापडायला वेळ लागला नाही. कार्यशाळेने शेगडीपुरती पुरेल अशी बारीक तांब्याची नळी वापरून तीच पुढे फर्नेसपर्यंत नेली होती, आणि चाकाच्या कमानीवरून वळवताना ती एका जागी चेपली गेली होती. तिच्या जागी मोठ्या व्यासाची नळी, वाकवण्याच्या यंत्रावर नीट गोलाई देऊन, फर्नेससाठी वेगळी टाकून घेतली. हे काम मी केले नाही. गॅसच्या नळ्या टाकणारा जाणकार कारागीर बोलावला, आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे त्याच्यासमोर तपासले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या पेटीच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र आहे ना, हेही तेव्हाच पाहून घेतले.

नवी नळी पडल्यावर फर्नेस पेटला आणि पेटून राहिला. ट्रेलरमध्ये ऊब पसरली. दाजींनी मफलर काढून ठेवला. पण थोड्याच वेळात ज्वालेचा आवाज बंद झाला, पंखा तसाच चालू राहिला आणि काही मिनिटांनी पुन्हा ज्वाला पेटली. थर्मोस्टॅट अजून उष्णता मागत होता, व्होल्टेज ठीक होते, गॅसचा दाब ठीक होता. म्हणजे यावेळी तापमर्यादेचा स्विच मंडल तोडत होता. खोली थंड असताना यंत्राचे पोट मात्र तापत होते, कारण निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. गरम हवेसाठी चार इंची चार नळ काढावेत असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असताना कार्यशाळेने दोनच काढले होते आणि त्यातलाही एक पलंगाच्या चौकटीखाली दबून निम्मा मिटला होता. परतीच्या हवेची स्थिती याहून वाईट होती. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच त्याला खोलीतून आत ओढावी लागते, आणि त्यासाठी ठेवलेली जाळी पुस्तिकेने मागितलेल्या क्षेत्रफळाच्या निम्मीसुद्धा नव्हती. शिवाय नक्षीच्या जाळीत भोकांपेक्षा पत्रा जास्त असतो, त्यामुळे बाहेरून मोजलेल्या लांबी-रुंदीवर विसंबता येत नाही. मोकळी जागा मोजावी लागते.

ही दुरुस्ती सुताराची होती. पलंगाच्या फळीत मोठी खिडकी कापून साधी उघडी जाळी बसवली आणि उरलेले दोन नळ काढले, त्यांतला एक पाण्याच्या टाकीकडे नेला, म्हणजे थंडीत टाकी गोठणार नाही. कार्यशाळेने थर्मोस्टॅट एका गरम हवेच्या तोंडाच्या बरोबर वर लावला होता, तोही आतल्या भिंतीवर हलवला. नाहीतर खोली गार असतानाच त्याला ऊब पुरेशी वाटली असती.

एव्हाना यंत्र सर्व बाजूंनी नीट चालू लागले होते आणि वायरमनने पेढ्यांची मागणी केली होती. दाजींनी मात्र सुरुवातीपासून एक अट घातली होती, की कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारे उपकरण उशाशी ठेवल्याशिवाय कोणीही आत झोपायचे नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, त्यामुळे माणसाला डोके दुखण्यापलीकडे फारसे काही कळण्याआधीच अंगातली शक्ती जाते. चाचणीच्या रात्री दारे-खिडक्या लावून फर्नेस चालू ठेवला आणि आम्ही आत गप्पा मारत बसलो. उपकरणाचा आकडा शून्यावरून हलला, मग वीस, तीस आणि पन्नासच्या पुढे गेला. धोक्याची घंटा वाजली नव्हती. अशी उपकरणे कमी प्रमाणावर लगेच वाजत नाहीत. दशलक्षात सत्तर भागांना त्यांची घंटा तासाभरानंतर किंवा त्याहून उशिरा वाजली तरी ते त्यांच्या मानकात बसते. दाजी उठले, त्यांनी फर्नेस बंद केला, दार सताड उघडले आणि आम्हाला बाहेर काढले.

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही आहे. इतके दिवस यंत्र ज्या ज्या कारणाने अडले होते ते प्रत्येक कारण त्याला स्वतःला कळत होते. हवा कमी, गॅस कमी, उष्णता जास्त, ज्वाला नाही, या चारही गोष्टींवर त्याचा पहारा होता. धूर कुठे जातो आहे याची सही घेणारे टेबलच त्याच्यात नव्हते. न पेटणाऱ्या फर्नेसने आम्हाला थंडीत बसवले असते; व्यवस्थित पेटणाऱ्या या फर्नेसने आम्हाला सकाळी उठू दिले नसते.

दुसऱ्या दिवशी उजेडात बाहेरची धुराडे-जाळी उघडली. या फर्नेसची रचना अशी असते, की जळणासाठी लागणारी हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो, खोलीच्या हवेशी त्याचा काही संबंध नसतो. त्यासाठी बाहेरच्या झाकणाच्या पाठीमागची नळी यंत्राच्या धूरनळीवर ठरावीक अंतरापर्यंत सरकून बसावी लागते. ट्रेलरची भिंत पुस्तिकेत गृहीत धरलेल्या जाडीपेक्षा जाड होती, मधे उष्णतारोधक फोमचा थर होता, त्यामुळे नळी जेमतेम टेकली होती, बसली नव्हती. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी उरलेसुरले टेकणेही सुटले असावे. धुराचा एक भाग पलंगाखालच्या कप्प्यात शिरत होता, आणि परतीची हवा ओढणारा आमचा नवा, मोकळा मार्ग तो खोलीत आणत होता. योग्य लांबीची नळी बनवून घेतली, ती पूर्ण सरकवून बसवली आणि झाकणाला उष्णता सहन करणारी सीलपट्टी लावली.

जाळीभोवती पांढऱ्या पत्र्यावर काजळीही आली होती, आणि तिचे कारण वेगळे होते. यंत्राच्या पाटीवर फक्त प्रोपेन असे लिहिलेले होते. कार्यशाळेने दिलेला सिलिंडर होता आपल्या नेहमीच्या व्यावसायिक एलपीजीचा. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण, आणि त्यात ब्युटेनचा वाटा मोठा असतो. एवढ्याच आकारमानाच्या ब्युटेनमध्ये प्रोपेनहून सुमारे तीस टक्के जास्त उष्णता असते आणि तो जळायला हवाही त्याच प्रमाणात जास्त लागते. प्रोपेनच्या मापाने पाडलेल्या जेटमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, हे मिश्रण आले की हवा कमी पडते, ज्वाला अर्धवट जळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक तयार होतो. म्हणजे एका दोषाने तो वायू वाढवला होता आणि दुसऱ्याने तो आत आणला होता.

जेटचे माप बदलण्याचा सल्ला काहींनी दिला, तो मी मानला नाही. औद्योगिक वायू विकणाऱ्यांकडे प्रोपेन मिळतो. त्याचा सिलिंडर आणि त्याच्या जास्त दाबाला चालणारा दोन टप्प्यांचा रेग्युलेटर घेतला आणि पाण्याच्या नळीवर पुन्हा २८ सेंटिमीटर जुळवून घेतले. स्पितीच्या दृष्टीनेही हेच योग्य होते. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. त्यामुळे कडक थंडीत मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो आणि सिलिंडर हलवला तर आत गॅस आहे असे जाणवते, पण तो बाहेर यायला तयार नसतो. परभणीच्या पहाटेच एलपीजीच्या सिलिंडरच्या खालच्या भागाला घाम फुटून दाब उतरलेला आम्ही पाहिला होता.

यानंतर पुन्हा रात्रभर चाचणी झाली. दाजी आळीपाळीने जागत राहायचे म्हणाले आणि प्रत्यक्षात स्वतःच जागले. आकडा शून्यावरून हलला नाही. घरी आल्यावर त्यांनी बहिणीला एवढेच सांगितले, "हां, आता झोपता येतंय."

एक प्रश्न इथे राहून सुटण्यासारखा नाही. स्पितीतले मुख्य गाव काझा समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि परभणी चारशे मीटरच्या आसपास. तिथली हवा विरळ असल्यामुळे तेवढ्याच वेगाने फिरणारा पंखा पात्याला कमी जोराने ढकलेल, आणि ज्वालेलाही ऑक्सिजन कमी पडेल. म्हणूनच अमेरिकेत उंच प्रदेशासाठी अशा यंत्रांना लहान जेट लावण्याची पद्धत आहे. त्या उंचीचे जेट कोणते हे भाचा यंत्राच्या निर्मात्याकडून विचारून घेतो आहे. मिळाले तर ते मनालीला पोहोचल्यावर तिथल्या जाणकाराकडून बसवायचे आणि मोनॉक्साइडचे उपकरण तिथेही पहिल्या रात्री जागे राहून पाहायचे, असे ठरले आहे. न मिळाले तर फर्नेस मनालीच्या पुढे बंद ठेवायचा. बहिणीने त्यासाठी दोन जाड वाकळा शिवायला घेतल्या आहेत.